दत्तोबानं गाडीला वाट दाखवली

आप्पासाहेबांची नवी गाडी इंदापुरात आली त्या दिवशी निम्मं गाव बघायला लोटलं आणि उरलेलं निम्मं दुसऱ्या दिवशी आलं. नव्याण्णव सालातली गोष्ट. चंदेरी रंगाची, काचा बटणावर खालीवर होणारी, आणि पोटात म्हणे कॉम्प्युटर! तोवर इंदापूरकरांनी कॉम्प्युटर पाहिला होता तो बँकेतला, टॉवेलाखाली झाकलेला, ज्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं. तोच आता डांबरी रस्त्यावरून बारामतीला जाणार म्हटल्यावर माणसं बघायला येणारच की हो.

गाडीला टेकून दत्तोबा उभा होता. तेवीस वर्षं आप्पासाहेबांचा ड्रायव्हर. आप्पासाहेबांचं घर इंदापुरात आणि बारामती एमआयडीसीत दूध गार करायच्या टाक्या बनवायचा कारखाना, त्यामुळं रोज सकाळी पन्नास किलोमीटर जायचं आणि दिवस मावळायच्या आत तेवढंच परत यायचं, हा नेम. आधी जीप होती, मग पांढरी मोटार, आता ही. लोक विचारत होते, "काय दत्तोबा, नवी नवरी कशी हाय?" दत्तोबा लाजल्यासारखा हसत होता. त्यानं गाडीचं तोंड बघितलं, मान वळवून दार बघितलं, आणखी वळवून मागचं चाक बघितलं. सगळी गाडी एका वेळी त्याला दिसत नव्हती. त्या गर्दीत हे कुणाला म्हणता कुणाला ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, मेव्हण्याच्या घरी कार्य आहे असं खोटं सांगून, तो सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आला होता. काचबिंदू निघाला. डॉक्टर भला माणूस, त्यानं कागदावर गोल काढून दाखवला. "हे मधलं दिसत राहील, कडेकडेनं जात राहील. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली सांभाळायची. रोज थेंब घालायचे. तुम्ही काम काय करता?"

"शेती," दत्तोबा म्हणाला. त्याच्या नावावर जन्मात कधी वावर नव्हतं, पण शब्द तोंडातून निघून गेला तो गेलाच.

घरात फक्त शकुबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे माहीत होतं. ती रोज सकाळी आणि रात्री त्याच्या डोळ्यांत थेंब घालायची आणि रोज तेच म्हणायची, "सांगा की वो आप्पासायबास्नी. वाऱ्यावर सोडणार हायती का ते तुमास्नी? कारखान्याच्या गेटवर बसवतील." खरंच होतं ते. आप्पासाहेब त्याला उपाशी मरू देणारे नव्हते. पण दत्तोबाला गेटवर बसायचं नव्हतं. त्याला गाडी चालवायची होती. सकाळी स्टिअरिंगवर हात ठेवला की त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं, आणि गाडीतून उतरला की तो नुसता दत्तोबा व्हायचा. एवढीच बाब होती, पण त्याच्यासाठी ती सगळी होती.

आणि चालवायचाही चोख, हे कबूल केलं पाहिजे. रस्ता त्याच्या अंगात भिनला होता. निमगाव केतकीच्या पानमळ्यांची गार झुळूक आली की वेग कमी करायचा. लासुर्ण्याच्या अलीकडं डांबर खडबडीत लागलं की डावीकडं धरायचं. सणसरला कालव्याच्या पाण्याचा वास येतो, तिथून काटेवाडीपर्यंत सरळ. कडेनं त्याच्या सोबत एक पांढुरकं धुकं चालायचं. थंडीत उसाला तुरे आले की ते तुरे आणि ते धुकं एकमेकांत मिसळून जायचं, आणि दत्तोबाला वाटायचं की आपण ढगातनं चाललोय, मध्ये तेवढी रस्त्याची काळी पट्टी कुणीतरी आपल्यापुरती पुसून ठेवलीय. छान वाटायचं त्याला, खोटं कशाला बोला! भीती वाटायची ती घरी आल्यावर, चहा पिताना.

गाडी आली त्याच आठवड्यात आप्पासाहेबांची नात श्रेया सुट्टीला आली. पुण्याला कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग शिकत होती. तिनं दत्तोबाला बॉनेट उघडायला लावलं आणि आतली एक चपटी पेटी दाखवली.

"दत्तोबाकाका, हा बघा गाडीचा मेंदू."

"एवढासा?"

"एवढाच. पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं हा ठरवतो."

"आन् नजर?"

श्रेया हसली. "नजर तुमचीच, काका. पण अमेरिकेत त्याचीही सोय केलीय बरं का. तिथल्या विद्यापीठातल्या लोकांनी एका गाडीला काचेशी कॅमेरा लावला. माणूस चालवत असताना ती गाडी नुसती रस्ता बघायची. बघून बघून शिकली. मग देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, स्टिअरिंग तिचं ती फिरवत. आम्ही मासिकात वाचलं."

"बघून बघून शिकली?"

"हो. अर्थात ब्रेकवर पाय ठेवून माणूस बसलेला होता आत."

हे शेवटचं वाक्य दत्तोबानं ऐकलं, पण ठेवून घेतलं नाही. बॉनेटवर हात ठेवून तो कितीतरी वेळ उभा राहिला. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: माणूस चालवत असताना गाडी शिकते.

आता याला एक कारण होतं, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही दत्तोबाला खुळा म्हणाल. त्याचा बाप बिरदेव कऱ्हाटीचा, मेंढरं राखणारा. पावसाळा सरला की बिऱ्हाड घोडीवर लादून माणसं घाट उतरून कोकणात जायची आणि आखाडाच्या तोंडाला परत यायची. नवी घोडी घेतली की बिरदेव पहिल्या सालाला तिच्यावर ओझं लादायचा नाही. लगाम हातात धरून तिच्या पुढं पायी चालायचा आणि तिला मोठ्यानं वाट सांगायचा. हितं पाणी हाय. हितं मुक्काम. हितं उतार, पाय जपून टाक. याला ते वाट दाखवणं म्हणायचे. दुसऱ्या सालापासून घोडी आपली आपण पुढं जायची, आणि तिच्या पाठीवर भांड्याकुंड्यांत बांधलेला लहानगा दत्तोबा झोपून जायचा. डोळे उघडावे तर मुक्काम आलेला असायचा आणि आई चूल मांडत असायची.

तर दत्तोबानं गाडीला वाट दाखवायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी त्याची त्यालाच लाज वाटली. मग सवय झाली. "हितं पुल हाय बरं का. पुल संपला की खड्डा. आता शाळा येईल, हळू." तोंडातल्या तोंडात, पण एकही गोष्ट न सोडता, इंदापूर ते बारामती आणि बारामती ते इंदापूर. मागं आप्पासाहेब पेपर वाचत बसायचे. त्यांना वाटलं दत्तोबा नामस्मरण करतोय. उतारवयात माणूस देवाकडं वळतो, वळू दे, असं म्हणून ते पान उलटायचे.

आणि गाडी शिकतेय याच्या खुणा दिसायला लागल्या की! एकदा कारखान्याच्या दारात त्यानं किल्ली काढली आणि उतरायला दार उघडलं तर गाडी बारीक आवाजात पीं पीं ओरडायला लागली. बघतो तर पुढचे दिवे चालू राहिलेले. भर उन्हात त्याला ते दिसले नव्हते, तिला दिसले. एकदा मागचं दार नीट लागलं नव्हतं, तर समोर तांबडा दिवा लागला. तेही तिनं बघितलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती चालायची. जुन्या जीपच्या पेडलवरचा पाय सोडला की ती दोन आचके देऊन बंद पडायची. ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून दोन्ही पाय काढून घेतले तरी बंद पडत नव्हती. घोडीनं दुडकी धरावी तशी आपली आपण पुढं सरकत राहायची. श्रेयाला विचारलं असतं तर तिनं दोन वाक्यांत सांगितलं असतं की इंजिन बंद पडू नये म्हणून कॉम्प्युटर तेवढंच पेट्रोल देत राहतो. पण दत्तोबानं विचारलं नाही. विचारायची त्याला भीती वाटली.

सुट्टी संपत आली तसं आप्पासाहेबांनी सांगितलं, "दत्तोबा, सोमवारी श्रेयाला पुण्याला सोडून यायचं. सकाळी लवकर निघा."

पुण्याचा रस्ता दत्तोबाच्या अंगात नव्हता. हडपसरची ती गर्दी, आजूबाजूनं घुसणाऱ्या स्कूटरी, सगळं कडेचंच काम. त्या रात्री शकुबाई थेंब घालायला बसली आणि बाटली हातातच धरून म्हणाली, "आईका. आजवर मी कुणाला सांगितलं न्हाय. पर ती दुसऱ्याची ल्येक हाय. सोमवार उजाडायच्या आत तुमी सांगा. न्हायतर मी जाऊन सांगते, मग मला काय बोलायचं ते बोला."

"ऐतवार येऊ दे," दत्तोबा म्हणाला. "ऐतवारी ठरवतो."

"त्यात ठरवायचं काय हाय?"

काय ठरवायचं होतं ते त्यानं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं कपाळ बडवून घेतलं असतं. दत्तोबाला गाडीची परीक्षा घ्यायची होती. पंधरा दिवसांत ती ही वाट शिकली असेल, तर पुण्याची वाट शिकायला तिला कितीसा वेळ? मग त्याची नजर असो नसो. तो बसेल स्टिअरिंगमागं, हात ठेवून, सगळ्यांना दिसेल असा, आणि गाडी नेईल. आणि शिकली नसेल, तर तो जाऊन आप्पासाहेबांना सगळं सांगून टाकणार होता. असं त्यानं स्वतःशी अगदी शपथेवर ठरवलं.

रविवारी दुपारी जेवून आप्पासाहेब आडवे झाले. दत्तोबानं गाडी धुतली, पुसली आणि चाकात हवा भरून येतो म्हणून बाहेर काढली. निमगाव केतकी मागं टाकलं. लासुर्ण्याच्या अलीकडं एक सरळ पट्टा आहे, दोन्ही बाजूंनी ऊस. रविवारची दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. निदान जेवढा रस्ता त्याला दिसत होता तेवढ्यावर तरी नव्हतं. त्यानं काचा वर केल्या, गाडी दुसऱ्या गिअरला आणली आणि पाय काढून घेतले.

गाडी चालत राहिली.

मग त्यानं हात उचलले. आधी बोटभर, मग वीतभर, मग दोन्ही हात मांडीवर ठेवून दिले. स्टिअरिंग बारीक थरथरत होतं पण वळलं नाही. काळी पट्टी सरळ गाडीच्या पोटाखाली जात होती. दत्तोबाला हसावं का रडावं कळेना. "शाब्बास गं," तो म्हणाला. "शाब्बास माझे बाय!"

आणि त्यानं डोळे मिटले.

आत ऊन तांबूस झालं. इंजिनाचा आवाज लांब गेला. अंगाखाली गाडी डुलत होती आणि त्याला वाटलं असंच जावं. शकुबाई शेजारी बसलीय, पदर डोक्यावरून घेऊन, माहेरी निघाल्यासारखी नटलेली. मागं आप्पासाहेब पेपर वाचतायत. कुणी कुणाला काही विचारत नाही. रस्त्यानं दुसऱ्या गाड्या जातायत, त्यांतही माणसं डोळे मिटून बसलेली आहेत, म्हातारी, आजारी, जन्माची आंधळी, आणि सगळी आपापल्या गावाला निघालीत. कुणाला कुणी सोडायला यावं लागत नाही. ज्याला जिथं जायचंय तिथं तो पोचतोय. तुरे हलतायत. दत्तोबा आयुष्यात एवढा निवांत कधी झाला नव्हता.

डावीकडून खडी चुरडल्याचा आवाज आला.

त्यानं डोळे उघडले. काळी पट्टी उजवीकडं सरकत चालली होती आणि समोर हिरवं येत होतं. त्यानं झटक्यात स्टिअरिंग धरलं, समोर बघितलं, गाडी रस्त्यावर घ्यायला लागला, तेवढ्यात डावं चाक कशावर तरी चढलं. त्यानं ब्रेक दाबला. गाडी उसात तोंड खुपसून उभी राहिली आणि बंद पडली. बॉनेटवर उसाचे दोन शेंडे पडले. वेग तो कितीसा, दत्तोबाला खरचटलंसुद्धा नाही. समोर तांबडे दिवे लागले होते आणि गाडी सावकाश पीं पीं करत होती.

दार उघडून तो खाली उतरला, तर डाव्या अंगानं आवाज आला. "अवो, आंधळं हाय का काय तुमी?"

हातात विळा घेतलेली बाई होती, पन्नाशीची. ती बांधावर गवत कापत होती. नकोशी तिचं नाव, हे नंतर कळलं. तिच्या गवताचा भारा डाव्या चाकाखाली चेपून गेला होता.

"चूक झाली, बाई," दत्तोबा म्हणाला. "डोळं मिटलं हुतं माझं. डुलकी लागली."

"डुलकी?" नकोशी उसळली. "मला शिकवू नगा! टक्क उघडं हुतं डोळं तुमचं. चाक धरलं हुतं, माझ्याकडंच बघत हुता. मी हात क्येला, वरडले, आन् तुमी बघत बघत गाडी अंगावर आणली. अवो, म्हणून तर मी लवकर पळाले न्हाय! म्हटलं बघितलंय मला तर थांबतोय ह्यो माणूस."

दत्तोबानं मान वळवून तिच्याकडं नीट बघितलं. मग म्हणाला, "तवा कुठं उभी हुतीस?"

"ही काय, हितं."

"ऱ्हा तिथंच. हलू नगंस."

तो पुन्हा गाडीत जाऊन बसला. स्टिअरिंग धरलं आणि मघासारखंच समोर बघितलं. ऊस होता, आभाळ होतं, कडेला ते मऊ पांढरं धुकं होतं, रोजचं. बाई नव्हती. त्यानं मान वळवली. बाई होती, तीन हातांवर, विळ्यासकट, तोंड उघडं टाकून त्याच्याकडं बघत. त्यानं मान सरळ केली. बाई गेली. पुन्हा वळवली, आली. पुन्हा सरळ केली.

"काय चाललंय तुमचं?" नकोशी ओरडली, आता तिच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती.

दत्तोबानं किल्ली काढली. पीं पीं थांबलं. त्याला गाडीचा राग आला नाही, नवल म्हणजे. ती बिचारी होती तिथंच उभी होती, तिला ना बाई ठाऊक ना भारा ठाऊक. तिनं पंधरा दिवसांत काहीसुद्धा ऐकलं नव्हतं. दत्तोबाला एकदम फार एकटं वाटलं आणि तो उसाला धरून ढसाढसा रडला. नकोशीनं थोडा वेळ रडू दिलं. मग डोक्याची चुंबळ सोडून तोंड पुसायला दिली.

"ही किल्ली ठेव तुझ्यापशी," दत्तोबा म्हणाला. "मी मागितली तरी देऊ नगंस. हितं फोन कुठं हाय?"

फोन लासुर्ण्यात होता, फाट्यावरच्या बूथवर. नकोशीनं त्याचा दंड धरला आणि त्याला रस्त्याच्या कडेनं चालवत नेलं. वाटेत तीन वाहनं गेली, ती तिनं त्याला सांगितली. एकही त्याला येताना दिसलं नव्हतं. बूथवाल्यानं नंबर लावून दिला. आप्पासाहेब झोपेतून उठून फोनवर आले.

"कोण? दत्तोबा? अरे, कुठं आहेस तू? टायर बसला का?"

"न्हाय. गाडीला कायबी झालं न्हाय, आप्पासाहेब. लासुर्ण्याच्या अलीकडं उसात हुबी हाय. एक ड्रायव्हर पाठवा."

"ड्रायव्हर? मग तुला काय झालं?"

बाहेर नकोशी किल्ली पदराच्या गाठीत बांधत होती.

"मला दिसत न्हाय, आप्पासाहेब," तो म्हणाला. "दोन वरसं झाली. कडंचं दिसत न्हाय. तुमच्यापासनं लपवलं."

आता शिव्या येतील म्हणून त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले, पण आप्पासाहेब बोलले ते अगदी हळू.

"परवा काटेवाडीत शाळा सुटली होती रे. पोरांच्या झुंडीतनं आलो आपण. मी मनात म्हटलं, काय सरळ गाडी काढली दत्तोबानं, हॉर्नसुद्धा वाजवला नाही."

दत्तोबानं परवाचा रस्ता आठवून बघितला. मोकळा होता, पार शेवटपर्यंत.

"आप्पासाहेब," तो म्हणाला, "कुठली पोरं?"